एल्रॉयचा बारा इंची नांगर

नॉर्ब झास्ट्रोचं एक बोलणं आमच्या इकडं सगळ्यांना तोंडपाठ होतं. ट्रॅक्टर आठ घोड्यांच्या ताकदीचा असेल तर मागं आठ इंची नांगर लावा, दहाचा असेल तर दहा इंची, आणि त्याच्या वर जायची खाज सुटली तर विहिरीच्या पाण्यानं अंघोळ करा. दर बुधवारी क्लबचा नाश्ता असतो, तिथं हे ऐकावंच लागायचं. क्लब म्हणजे तरी काय, तीस-पस्तीस म्हातारे आणि त्यांचे परसबागेतले छोटे ट्रॅक्टर. सन साठ-पासष्टमधले. लांबून बघितलं तर पोराचं खेळणं वाटावं, पण मालकाला विचारा, बायकोचा वाढदिवस विसरेल, त्याच्या तेलाची तारीख विसरणार नाही.

"चाक घसरतंय ना, ते बरं असतं," नॉर्ब म्हणायचा. "नांगर दगडाला अडला की चाकानं जागच्या जागी फिरावं. तुम्ही काय करता, टायरात पाणी भरता, चाकाला वजनं लावता, वर साखळ्या घालता. घसरायचं बंद. मग कुणीतरी मोडायला नको? आतला गिअर मोडतो."

अडतीस वर्षं ओतकामाच्या कारखान्यात काढलेला माणूस. त्याला उलट कोण बोलणार? एकटा लव्हर्न गुत्स्के बोलायचा. लव्हर्नच्या दहा घोड्यांच्या ट्रॅक्टरमागं सहा वर्षं बारा इंची नांगर होता आणि अजून काही मोडलं नव्हतं.

"तुला तो बसवता येत नाही, हे सांग की सरळ," लव्हर्न म्हणायचा. "प्रवचन कशाला देतोस?"

"मोडेल तेव्हा माझ्याकडंच येशील."

"तुझ्याकडं आलो तर आधी प्रवचन ऐकावं लागेल. त्यापेक्षा मोडलेलाच बरा."

सगळे हसायचे. नॉर्बही हसायचा, पण ते बोलणं त्याला कुठंतरी कुसळासारखं रुतून बसलं होतं.

आता एल्रॉय फेन्स्केचं सांगतो. एल्रॉय नॉर्बचा चाळीस वर्षांपासूनचा शेजारी, आणि खरं सांगायचं तर एकुलता एक दोस्त. त्याचा लाल ट्रॅक्टर, आठ घोड्यांचा, सन चौसष्टचा. शेवटच्या वर्षात, नाकाला प्राणवायूची नळी लावलेली असताना, एल्रॉय एका लिलावात गेला आणि बारा इंची नांगर घेऊन आला. ट्रॅक्टर आठचा, नांगर बाराचा. नॉर्बच्या शेडसमोर गाडी उभी करून म्हणाला, "हा लावून दे."

"वेडा झालास काय?"

"एकदाच लाव रे. नांगराचं एकच तास ओढू. शेताच्या ह्या बांधापासून त्या बांधापर्यंत, बास. मग काढून टाक."

"मी असेपर्यंत नाही."

"बरं," एल्रॉय म्हणाला, "मग मी नसताना लाव." आणि खोकला येईपर्यंत हसला. फेब्रुवारीत तो गेला. नांगर त्याच्या शेडमध्येच पडून राहिला.

ऑगस्टमध्ये त्याची बायको अर्डिस ट्रॅक्टर गाडीवर घालून नॉर्बकडं आली. वय एकाहत्तर. सव्वीस वर्षं शाळेची बस चालवलेली बाई, बर्फात, घाटात, चाळीस पोरं मागं ओरडत असताना. म्हणाली, "क्लबच्या नांगरणीच्या दिवशी ह्या वर्षी मी उतरणार. हा जरा नीट करून दे. आणि तो मोठा नांगरही आणलाय. बघ, जमलं तर लाव. त्याच्या मनात फार होतं."

नॉर्बनं तिलाही तेच प्रवचन दिलं, सगळं. ती ऐकून घेत म्हणाली, "बरं बाबा. तू म्हणशील ते." मोठा नांगर मात्र परत नेला नाही. तिथंच भिंतीला टेकवून गेली.

नॉर्बनं ट्रॅक्टर मनापासून केला. पट्टे बदलले, कार्ब्युरेटर धुतला, आठ इंची नांगराचा फाळ घासून आरशासारखा केला. अर्डिस तीन आठवडे रोज संध्याकाळी यायची आणि त्याच्या मागच्या वावरात सराव करायची. तिचं तास पहिल्या दिवसापासून सरळ होतं. बस चालवणाऱ्या माणसाची नजर लांब असते, नॉर्बला शिकवायला फारसं काही उरलंच नाही.

नांगरणी शनिवारी होती. गुरुवारी दुपारी नॉर्बला काम नव्हतं. बायको बहिणीकडं गेली होती. शेडमध्ये तो, लाल ट्रॅक्टर आणि भिंतीला टेकलेला तो नांगर.

त्यानं आधी फक्त माप घेतलं. माप घ्यायला काय जातंय? नांगराच्या दांड्याचं भोक मोठं होतं, ट्रॅक्टरच्या मागच्या जोडणीत खीळ ढिली बसत होती. त्याला एक लोखंडी नळी कापून आत बसवली की झालं. नळी कापली. बसली, अगदी चपखल. मग दिसलं की दांडा फार जाड आहे, उचलायचा दांडका पुरत नाही. तिथं एक पट्टी कापून, दोन भोकं मारून, लांबी वाढवली. नांगर उचलला तर ट्रॅक्टरचं तोंड वर झालं. पुढं दोन वजनं टांगली. आता नुसता बसवून बघितला, हे लव्हर्नला सांगता येईल, असं मनात आलं. मग मनात आलं, लव्हर्न विचारेल, ओढला का?

चाकं घसरणार हे त्याला ठाऊक होतं. म्हणून त्यानं टायरात मिठाचं पाणी भरलं. चाकाला आपल्या स्वतःच्या ट्रॅक्टरची वजनं लावली. आणि साखळ्या घातल्या. लोकांना वीस वर्षं जे करू नका म्हणत आला, ते एकेक करून, नट आवळून आवळून, स्वतःच्या हातानं केलं. शिटी वाजवत होता म्हणे. हे त्यानंच नंतर सांगितलं, आणि सांगताना मान वर केली नाही.

शेडमागं घेवड्याचं रिकामं वावर होतं. नांगर खाली सोडला, क्लच सोडला, आणि ट्रॅक्टर निघाला. इंजिनाचा आवाज खोल गेला, पण इंजिन थांबलं नाही. मागं बघितलं तर काळी माती नुसती उलटत होती, फूट-फूटभर रुंद, ओली, चकचकीत. नॉर्बच्या तोंडून आपोआप हसू फुटलं. पासष्टी उलटलेला माणूस एकटाच ट्रॅक्टरवर बसून मोठ्यानं हसतोय. दहा पावलं, वीस, तीस, चाळीस.

चाळिसाव्या पावलाला दगड.

आमची जमीन दगडांची, दर हिवाळ्यात खालून नवे वर येतात, हे इथल्या शेंबड्या पोरालाही माहीत. नांगर अडला. चाकानं घसरायला हवं होतं. घसरलं नाही. ट्रॅक्टरच्या पोटातून ठप्प असा आवाज आला, फार मोठा नव्हे, कपाटाचं दार लागावं एवढाच. मग ट्रॅक्टर चालायला लागला की दर फेऱ्याला आतून कट्, कट्, कट्.

नॉर्बनं तेल काढलं. तेलाबरोबर गिअरचे दोन दाते बाहेर आले. तळहातावर घेऊन त्यानं हिशेब केला. गिअरची पेटी खोलून, नवा गिअर शोधून, बसवून परत बंद करायला दोन आठवडे तरी हवेत. नांगरणी परवावर.

त्यानं अर्डिसला फोन लावला. खरंच लावला, हे त्याच्या बाजूनं सांगायला हवं.

"नॉर्ब, बरं झालं तूच केलास," ती म्हणाली. "माझी शेरिल येतेय मिनियापोलिसहून, पोरांना घेऊन. आजी नांगरणार म्हणून शाळेत सांगून ठेवलंय त्यांनी. मी खजुराच्या वड्यांची सहा ताटं केलीत सगळ्यांना पुरतील अशी. ट्रॅक्टर ठीक आहे ना?"

"हो," नॉर्ब म्हणाला.

"मग फोन कशाला केलास?"

"असाच. सकाळी लवकर ये म्हणायला."

एवढंच. फोन ठेवला आणि तो परत शेडमध्ये गेला. पाणी काढलं, वजनं काढली, साखळ्या काढल्या, मोठा नांगर होता तसा भिंतीला टेकवला, आठ इंची परत जोडला. आणि गिअरच्या पेटीत तेलाऐवजी जाड ग्रीस ठासून भरलं. जुन्या मोटारी विकणारे लबाड लोक करतात ते. ग्रीस भरलं की मोडका गिअर बोलत नाही. वावरात एक फेरी मारून बघितली, कट्कट् ऐकू येत नव्हती. एक सकाळ निघेल, त्यानं स्वतःला सांगितलं. मग हिवाळ्यात मी गुपचूप नवीन गिअर टाकून देईन.

शनिवारी ऊन छान पडलं होतं. ओट्स कापून खुंटं उरलेलं शेत, बाजूला सॉसेज भाजायची भट्टी, कॉफीचा मोठा पिंप, रांगेत उभे अठ्ठावीस ट्रॅक्टर. अर्डिसनं एल्रॉयचा डगला घातला होता, बाह्या दुमडून. पहिलं तास तिनं असं काढलं की बांधावरचे म्हातारे बोलायचे थांबले. नातवंडं शेजारनं पळत होती. कागदी पेल्यातली कॉफी नॉर्बच्या हातात गार झाली.

दुसरं तास काढताना, मध्यावर, ट्रॅक्टर थांबला. इंजिन चालू, चाकं जागची हलेनात. अर्डिसनं क्लच दाबला, सोडला, गिअर बदलून बघितला. आतून नुसता लोखंड दळल्याचा आवाज आला.

सगळे धावले. लव्हर्न सगळ्यांत आधी पोचला. तो मनानं वाईट नाही, त्याला तिची बाजू सावरायची होती, म्हणून म्हणाला, "होतं गं असं. क्लच जरा झटक्यात सुटला असेल. बसचं वेगळं, ह्याचं वेगळं. पाय जड पडतो माणसाचा."

"मी हळूच सोडला होता," अर्डिस म्हणाली. मग नॉर्बकडं वळली. सगळेच वळले. "नॉर्ब, मी काही चुकीचं केलं का?"

आता इथं बोलायची वेळ होती. तो बोललाही.

"हे जुनं यंत्र," नॉर्ब म्हणाला. "ह्याला क्लच फार जपून सोडावा लागतो."

बघा, ह्यात एक शब्द खोटा नाही. शपथेवर म्हटलं असतं तरी चाललं असतं. आणि तोंडातून निघाल्यावर त्याला वाटलं, आपण एल्रॉयच्या बायकोला भर शेतात ढकलून पाडलं.

अर्डिसनं मान हलवली. डगल्याच्या बाह्या परत खाली सोडल्या. "चुकलंच माझं," म्हणाली. "तू एवढं मनापासून केलं होतंस." ट्रॅक्टर सहा जणांनी ढकलत बाहेर काढला आणि तिच्या शेडमध्ये पोचवला. नातवंडांना शेरिलनं सॉसेज खायला नेलं. धाकट्यानं वाटेत विचारलं, आजीनं आजोबांचा ट्रॅक्टर मोडला का, आणि कुणीतरी त्याला गप्प केलं.

रविवारी चर्चमधून परतताना अर्डिस नॉर्बच्या दारात वड्यांचं एक अख्खं ताट ठेवून गेली. वर चिठ्ठी, तुझी मेहनत वाया घालवली, राग धरू नकोस. नॉर्बच्या बायकोनं तीन दिवस त्या वड्या खाल्ल्या. "तू का खात नाहीस? तुझ्या आवडीच्या आहेत." तो म्हणाला, दात दुखतोय.

बुधवारी नाश्त्याला अर्डिस आली. एरवी ती यायची नाही. सगळ्यांची ताटं वाढून झाल्यावर उभी राहिली, खुर्चीच्या पाठीला धरून. "मी फार बोलणार नाही. मला हौस आली होती, पण हे आपलं काम नव्हे, हे कळलं. एल्रॉय असता तर त्यानं कधी असं होऊ दिलं नसतं. तो ट्रॅक्टर मी लव्हर्नला देतेय. त्याच्याकडं तसलाच, आठचा, आणखी एक बंद पडलेला आहे, सुटे भाग त्याच्या कामी येतील. शुक्रवारी तो घेऊन जाईल."

लोक म्हणाले, असं नको करूस, नॉर्ब करून देईल. ती म्हणाली, नॉर्बला मी आणखी त्रास देणार नाही.

नॉर्ब ताटात बघत बसला होता.

गुरुवारी सकाळी तो तिच्या स्वयंपाकघराच्या दारात उभा राहिला. ती टोमॅटो उकळत होती, काचेच्या बरण्या ओळीनं मांडलेल्या. "ये की," ती म्हणाली, "कॉफी घे." तो बसला नाही. टोपी हातात घेऊन उभ्या उभ्याच सगळं सांगितलं. माप घेतल्यापासून ग्रीसपर्यंत. मधलं काही गाळलं नाही, फोनसुद्धा.

अर्डिसनं गॅस बंद केला. पाठमोरीच राहून एका बरणीचं झाकण पुसलं.

"लव्हर्न उद्या पेटी उघडणार, त्याला ग्रीस दिसणार," ती म्हणाली. "म्हणून आलास?"

नॉर्बला नाही म्हणायचं होतं. रात्रभर ह्याच प्रश्नाशी तो झटत होता. "ठाऊक नाही," तो म्हणाला. "खरंच ठाऊक नाही, अर्डिस."

"मी तो ट्रॅक्टर ताडपत्री टाकून ठेवून दिला असता तर?"

"तेही ठाऊक नाही."

तिनं खुर्ची ओढली आणि बसली. हातातल्या फडक्याची घडी केली, उलगडली, परत घडी केली.

"तू त्याला नाही म्हणालास ना, त्या दिवशी घरी येऊन तो काय म्हणाला माहितीय? म्हणाला, नॉर्बला माझ्या ट्रॅक्टरची माझ्यापेक्षा जास्त काळजी. आठवडाभर ज्याला त्याला सांगत होता. नर्सला सांगितलं."

नॉर्बनं टोपी टेबलावर ठेवली.

"ओढला का त्यानं?"

"काय?"

"तो नांगर. ओढला का ट्रॅक्टरनं?"

"ओढला."

"किती?"

"चाळीस पावलं."

अर्डिस खिडकीतून बाहेर बघत होती. "त्याला चाळीस पावलं पुरली असती," ती म्हणाली.

नॉर्ब सांगतो, कारखान्यात एकदा त्याच्या पायावर तापलेलं लोखंड सांडलं होतं. ते त्याला आता फारसं आठवत नाही. हे आठवतं.

"मी काल तीस माणसांपुढं उभी राहिले," ती म्हणाली. "तू समोर बसला होतास."

"हो."

"पॅनकेक खात होतास."

"खात नव्हतो."

"पण बसला होतास." तिनं उठून गॅस परत लावला. "लव्हर्नला मी फोन करते, त्यानं यायचं नाही. तू नेऊन दे. आणि त्याच्या शेडमध्ये पेटी उघडायच्या आधी सांग. उघडल्यावर नव्हे."

"मी दुरुस्त करून देतो, अर्डिस. गिअर मी शोधतो, मी..."

"तू हात लावायचा नाही," ती म्हणाली. आवाज चढला नव्हता. "आता लव्हर्न करेल. आणि सुट्या भागांसाठी नाही द्यायचा मला तो. तेवढंही सांग त्याला."

शुक्रवारी नॉर्बनं ट्रॅक्टर गाडीवर चढवला. इंजिनाच्या जोरावर चाकं फिरत नव्हती, साखळीनं ओढून घ्यावा लागला. लव्हर्नच्या अंगणात पोचला तेव्हा लव्हर्न दारातच उभा, चेहऱ्यावर नेहमीचं ते हसू. "या, या महाराज. शेवटी आलातच माझ्याकडं. प्रवचन आधी की काम आधी?"

"आधी ऐक," नॉर्ब म्हणाला.

आणि सांगितलं. लव्हर्नचं हसू मध्येच कुठंतरी ओसरलं. नॉर्ब मनातून वाट बघत होता. आता हा टोमणा मारेल, वीस वर्षांचं उट्टं काढेल, आपण खाली मान घालून ऐकू, म्हणजे निदान काहीतरी फिटेल. लव्हर्ननं टोमणा मारला नाही. त्यानं खिशातून रुमाल काढला, हात पुसले, स्वच्छच होते ते, आणि ट्रॅक्टरखाली ओंडके लावायला लागला.

पेटीचे दोन भाग सुटे झाले तेव्हा आतलं ग्रीस काळंभोर होऊन बाहेर लोंबलं. लव्हर्ननं बोटावर घेऊन बघितलं.

"मी तिला म्हणालो, पाय जड पडतो," लव्हर्न म्हणाला. "सगळ्यांसमोर म्हणालो. सव्वीस वर्षं बस चालवणाऱ्या बाईला."

"तुला ठाऊक नव्हतं."

"तुला होतं. तू माझ्याशेजारी उभा होतास." एवढं बोलून तो परत खाली वाकला. "बुधवारी तू बोलणार आहेस, की मी बोलू?"

"मी बोलेन."

"उभं राहून."

"उभं राहून."

बाहेर गाडी थांबली. अर्डिस आत आली, कामाचे हातमोजे घालून. लव्हर्ननं तिच्याकडं बघितलं, मग पायाकडं. "अर्डिस, शनिवारी मी जे बोललो ना..."

"ते नंतर. काय झालंय आत?"

"मोठ्या गिअरचे पाच दाते गेलेत. दोन नॉर्बनं आधीच काढले. दोन मला सापडलेत. एक अजून ह्या ग्रीसमध्ये आहे. तो सापडल्याशिवाय पुढं काही करता येत नाही, नाहीतर नव्या गिअरलाही खाईल. गिअर माझ्या दुसऱ्या ट्रॅक्टरचा काढून लावतो."

"तुझा मोडून?"

"तो तसाही चालत नाही. ह्याचे भाग त्याला लावणार होतो, आता त्याचे ह्याला."

"मग मला दाखव कसं उघडतात ते," ती म्हणाली. "पुढच्या खेपेला कुणावर विसंबायला नको."

ती गुडघ्यावर बसली, हातमोजे काढले, बाह्या वर केल्या आणि कोपरापर्यंत हात आत घातला. लव्हर्न तिला सांगत होता, डावीकडं, तळाला, कोपऱ्यात साचतं. नॉर्ब दोन पावलं मागं उभा होता. जा कुणी म्हणालं नव्हतं. थांब असंही कुणी म्हणालं नव्हतं. बाकावर लांब वायरीचा दिवा पडला होता, तो त्यानं उचलला, पुढं झाला आणि पेटीवर धरला. उजेड तिच्या हातावर न पडता बाजूला पडत होता.

"नीट धर," अर्डिस वर न बघता म्हणाली.

त्या सकाळी ती त्याच्याशी बोलली ते एवढंच. तिचा हात आत ग्रीसमध्ये चाचपडत होता, आणि नॉर्ब उजेड तिच्या हाताच्या मागं मागं नेत होता.